रंगाच्या आधीचा हात

भिंतीवरून सुटलेला रंगाचा पोपडा तुम्ही कधी उलटा करून बघितलाय का? पुढची बाजू सगळ्यांना दिसते. मागच्या बाजूला मात्र त्या भिंतीचा सगळा इतिहास चिकटलेला असतो. आजचा लेख त्या मागच्या बाजूबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो जरा सावकाश वाचावा, कारण विषय रंगकामाचा वाटला तरी खरा प्रश्न पुराव्याचा आहे.

सुरुवात वडगाव रासाईतून करते. शिरूर तालुक्यातलं भीमाकाठचं हे गाव. तिथे आमच्या आत्याच्या घरी लग्न होतं, म्हणून घराला रंग काढायचा ठरला. घर जुनं, पांढरीच्या मातीच्या भेंड्यांचं. ओल चढते म्हणून खालच्या तीन फुटांना कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. रंगारी काकांनी आल्याआल्या हिशोब सांगितला: "आधी सगळं खरवडायचं, मग प्रायमर, मग पुट्टी, घासकाम, परत प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात." आत्याने कपाळावर हात मारला. "रंगाचे दोन आणि त्याच्या आधीचे चार? आम्ही चुन्यात नीळ कालवून कुंचा फिरवायचो की लग्न उरकायचं!"

आत्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. रंगाच्या आधी एवढं सगळं कशाला?

पाठ्यपुस्तकी उत्तर थोडक्यात असं. भिंत तहानलेली असते, आणि सगळीकडे सारखी तहानलेली नसते. रंगात रंगद्रव्याची पूड असते आणि ती धरून ठेवणारा बांधक असतो. कोरडी भिंत बांधक शोषून घेते, पूड वर राहते, आणि पाठ टेकली की शर्टाला रंग लागतो. प्रायमर ही तहान आधीच भागवतो. सिमेंटच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. ताज्या सिमेंटचा पीएच १२च्या वर असतो, त्यावर थेट तेलाचा रंग लावला तर अल्कली आणि तेल मिळून चक्क साबण तयार होतो. रंग चिकट पडतो, फुगतो, सुटतो. म्हणून गिलावा किमान चार आठवडे वाळू द्यायचा आणि अल्कली सोसणारा प्रायमर लावायचा.

हे झालं कशाला. पण कधीपासून? इथून इतिहास सुरू होतो, आणि त्यासाठी शिरूर तालुक्याच्या बाहेरही जावं लागत नाही.

घोड नदीकाठचं इनामगाव तुम्ही अभ्यासक्रमात वाचलं असेल. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावाने त्याचा मोठा अहवाल १९८८ साली आला. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वस्ती. घरं कुडाची, मातीने लिंपलेली. परीक्षेला आपण पाठ करतो ती कालव्याची, धान्यकोठाराची आणि कुंभातल्या दफनांची माहिती. माझं लक्ष मात्र वेगळ्याच घराकडे गेलं. वस्तीच्या पश्चिम कडेला कारागिरांची घरं होती. तिथे कुंभार होता, सोनार होता आणि चुना तयार करणाराही होता.

विचार करा. दख्खनचा हा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. चुनखडकाच्या खाणी इथे नाहीत. चुना मिळतो तो काळ्या मातीत आणि नदीकाठी सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतून. ते वेचायचे, भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, कळीचा चुना झाला की पाण्यात विरवायचा. हे काम जाताजाता होत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत त्यासाठी वेगळा कारागीर असेल, तर चुन्याला तशी मागणीही असणार.

ती कशासाठी? इथे थोडं जपून बोलायला हवं. सांकलियांनीच पन्नासच्या दशकात नर्मदाकाठी नवडाटोलीला उत्खनन केलं होतं. तिथे जमिनीवर आणि भिंतींच्या लिंपणावर चुन्याचा पातळ थर सापडला आणि नवं घर पांढरंशुभ्र दिसत असेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शेणमातीवर चुन्याचा हात, हा क्रम त्यामुळे निदान ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे नेता येतो. पण तो चुना अस्तर म्हणून होता की शेवटचा रंग म्हणून? मातीत मिसळलेला पांढरा थर स्वतःहून हे सांगत नाही. त्यावर आणखी एक थर असेल तरच तो अस्तर ठरतो. वरचा थर झडून गेला असेल तर अस्तरालाच आपण रंग म्हणून बसतो. हा धोका लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मधली शतकं मी उड्या मारत ओलांडते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चित्रासाठी भिंत कशी तयार करावी याची कृती आहे: विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, चुना, बेलाचा गर. हे मिश्रण महिनाभर मुरवायचं आणि मग लावायचं. अशा भिंतीवरचं चित्र शंभर वर्षांतही नष्ट होत नाही, असं ग्रंथकार म्हणतो. आपल्या रंगाच्या डब्यावर सात वर्षांची हमी असते, असू दे. मात्र ग्रंथात कृती आहे म्हणून ती भिंतीवर वापरली गेलीच, असं धरून चालू नका. ग्रंथ हा ग्रंथाचा पुरावा असतो. भिंतीचा पुरावा भिंतीतच शोधावा लागतो.

आणि तो शोधला गेला, अजिंठ्याला.

अजिंठ्याची चित्रं म्हटलं की पद्मपाणी डोळ्यासमोर येतो. पद्मपाणीच्या मागे काय आहे ते बघू. लेणं कोरताना भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली, छिन्नीचे घाव तसेच राहू दिले, म्हणजे गिलाव्याला पकड मिळेल. त्यावर मातीचा जाडसर थर, त्यात वनस्पतींचे तंतू आणि भाताचा कोंडा. मग मातीचाच बारीक थर. त्यावर अगदी पातळ पांढरा लेप. त्या पांढऱ्यावर तांबड्या काव्याने रेखाटन आणि मग रंग. आत्याच्या रंगारी काकांना हा क्रम सांगितला तर ते म्हणतील, बरोबर आहे की: गिलावा, पुट्टी, प्रायमर, रंग.

जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेतले. त्यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेरा वर्षं या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या, ती वेगळीच दुःखद गोष्ट. ग्रिफिथ्स यांनी आपल्या ग्रंथात त्या पांढऱ्या लेपाचं वर्णन अंड्याच्या कवचाएवढा पातळ असं केलं आहे. निरीक्षण फार चांगलं. पण मग त्यांनी अनुमान केलं की हा चुना ओला असतानाच रंग लावले असावेत, म्हणजे इटलीतल्या फ्रेस्कोसारखं काहीतरी, टेंपराशी मिसळलेलं.

हा वाद शब्दांचा नाही, हे नीट समजून घ्या. ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. वेगळा बांधक लागत नाही. उलट वाळलेल्या अस्तरावर रंग लावायचा तर सरस किंवा डिंक घालावाच लागतो. पहिल्या प्रकारात अस्तर हाच बांधक. दुसऱ्यात अस्तर म्हणजे नुसती बैठक. चित्र पाण्याने पुसायचं की नाही, हा निर्णयही यावरच अवलंबून असतो! फ्रेस्को समजून सरसाच्या रंगावर ओला बोळा फिरवला तर काय होईल, याची कल्पना करा.

निकाल कसा लागला? मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात चित्रांचे बारीक कण घेऊन त्यांचे छेद तपासले. रंग चुन्याच्या आत शिरलाय की वर बसलाय? बांधक आहे का? अजिंठ्याबाबत त्यांचा निष्कर्ष टेंपराचा होता: वाळलेलं अस्तर, वर सरसात कालवलेले रंग. याच माणसाने त्याच दशकात तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातली चोळकालीन चित्रं तपासली आणि ती मात्र फ्रेस्को आहेत असं म्हटलं. म्हणजे त्यांनी आधी सिद्धान्त ठरवून नमुने घेतले नव्हते. प्रत्येक भिंतीला तिचं उत्तर देऊ दिलं.

इथे एक तांत्रिक मेख सांगते, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. क्ष-किरण विवर्तनाने तुम्हाला कॅल्साइट सापडलं, म्हणजे फ्रेस्को सिद्ध झालं का? नाही. चुन्याचा कोरडा हात वाळून कॅल्साइटच होतो, ओल्यावर रंगवलेला चुनाही कॅल्साइटच होतो आणि न भाजलेल्या चुनखडीची पूडही कॅल्साइटच असते. पदार्थ एक, इतिहास तीन. फरक कळतो तो थरांच्या सीमारेषेवर, म्हणून नमुना चुरून चालत नाही. ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, कडेने घासायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद बघायचा. पहिल्या वर्षी मी एक नमुना उत्साहाने खलात कुटला होता. आलेख सुंदर आला. त्या नमुन्याबद्दल त्या आलेखापलीकडे मला आजवर काहीही सांगता आलेलं नाही.

आता अस्तराच्याही खालचा थर. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतले मॅनेजर सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी २०१६ साली वेरुळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. वेरुळच्या गिलाव्याला कीड कमी लागली, अजिंठ्याला कीटकांनी बरंच नुकसान केलं आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, अशी त्यांची मांडणी. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. वेरुळमध्ये भांग, म्हटल्यावर मथळा तयारच!

पेपर चांगला आहे, वाचाच. तंतूंची ओळख इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, अवरक्त वर्णपट आणि ताज्या नमुन्यांशी तुलना अशी करून घेतली आहे, तो भाग भक्कम वाटतो. पण वाचताना दोन वाक्यं वेगळी करा. 'गिलाव्यात भांगेचे तंतू आहेत' हे निरीक्षण. 'कारागिरांनी ते किडीसाठी घातले' हा हेतूचा दावा. भांगेचा तंतू चिवट, आपल्याकडे गिलाव्यात तागही घालतात, तेव्हा जे चिवट आणि जवळ मिळालं ते घातलं, असंही असू शकतं. दोन लेण्यांत काळ वेगळा, ओलावा वेगळा, वटवाघळं वेगळी. एका फरकावर सगळा भार टाकताना मला तरी धाकधूक होते.

अस्तराची गोष्ट वरच्या थराशिवाय पुरी होत नाही. १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओरसिनी यांना बोलावलं. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांची चित्रांबद्दलची कळकळ खरी होती. पाहुण्यांनी सुटलेले गिलावे पुन्हा पक्के केले आणि बरीच चित्रं वाचवली, हे मान्य करायलाच हवं. पण रंग पक्का राहावा म्हणून वर लाखेचं, म्हणजे शेलॅकचं व्हार्निश दिलं. काही दशकांत ते पिवळं, मग तपकिरी पडलं. नकला करणाऱ्यांनीही आधी व्हार्निशं फासली होतीच. ते उतरवण्याचं काम पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या गळ्यात पडलं आणि वर्षानुवर्षं चाललं. खालचा थर श्वास घेणारा, तंतूंचा, मातीचा. वरचा थर बंद. दोघांचा स्वभाव जुळला नाही.

हा स्वभावाचा मुद्दा पेशवाईतल्या गवंड्यांना बरोबर कळलेला दिसतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत, ती नक्की बघून या. त्या काळचा चुना घाणीत मळायचे. किल्ल्यांवर ती गोल घाणी आणि दगडी चाक तुम्ही पाहिलं असेल. चुन्यात गूळ, हिरडा, बेलाचा गर घालण्याची रीत जुन्या गवंड्यांच्या घरांत अजून सांगतात. जाड थरावर बारीक थर, बारीक थरावर घोटाई. प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा पातळ आणि मऊ. भिंत हलली तर सगळे मिळून हलणार.

पालघर-डहाणूकडे वारली घरांत हेच काम शेण आणि गेरू करतात. पांढऱ्या तांदळाच्या पिठाची रेघ उठते ती खालच्या गेरूमुळे. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे कलाकार कागदावर आणि कापडावर चित्रं काढू लागले तेव्हा भिंत मागे राहिली, पण शेण-गेरूचं अस्तर कापडाबरोबर आलं. अस्तर म्हणजे फक्त तांत्रिक गरज असती तर कापडावर ते लागलं नसतं.

मग डबे आले. मुंबईत १९४२ साली एशियन पेंट्स सुरू झाली, १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात रंगाचा डबा घेतलेला गट्टू काढला, आणि चुन्याच्या जागी हळूहळू डिस्टेंपर, सिमेंटचा रंग, मग प्लास्टिक पेंट असं होत गेलं. गंमत म्हणजे जुन्या कोरड्या डिस्टेंपरचा बांधकही सरसच असायचा. परमशिवन यांना अजिंठ्यात मिळाला तोच प्रकार.

आता परत वडगाव रासाईला.

काकांनी पट्टी चालवायला सुरुवात केली आणि पोपडे खाली पडू लागले. मी एक उचलला. आधी फिकट गुलाबी, मग हिरवा डिस्टेंपर, मग निळसर पांढरा, मग पांढरा, पांढरा, पांढरा, भिंगाखाली चुन्याचे सात-आठ हात दिसले, दर दोन हातांत धुराची काळसर रेघ. सगळ्यात मागे भुसा मिसळलेली पांढरीची माती. निळसर थर पाहून आत्या म्हणाली, "ही तुझ्या आजोबांच्या वेळची. तेव्हा नीळ जास्त पडली होती." तिने तो थर रंगावरून ओळखला, आणि कोणत्या लग्नाला दिला तेही सांगितलं. मला त्या थराची एवढी नेमकी तारीख एकही उपकरण देऊ शकलं नसतं. चुना वाळताना हवेतला कार्बन घेतो म्हणून त्याचं कार्बन-१४ कालमापन तत्त्वतः होतं, पण त्यात न भाजलेला चुनखडीचा एखादा खडा राहिला की त्यातला जुना कार्बन वय भलतंच वाढवतो, आणि शे-दीडशे वर्षांच्या आतल्या वस्तूला त्या पद्धतीचा तसाही उपयोग नाही.

अडचण ही आहे. चांगला प्रायमर लावायचा तर भिंत खरवडावीच लागते. काका काही चूक करत नव्हते. सुट्या थरावर प्रायमर लावला तर प्रायमरसकट सगळं खाली येतं. पण पट्टीच्या प्रत्येक फटक्याने त्या घराचं दप्तर केरात जात होतं. अजिंठ्याला नोंद ठेवणारे होते. गावोगावच्या घरांची, देवळांच्या ओवऱ्यांची, चावड्यांची भिंत दर जत्रेला खरवडली जाते आणि कोणी एक तुकडाही बाजूला ठेवत नाही. वाड्यांतली किती चित्रं चुन्याखाली सुरक्षित आहेत आणि किती पुट्टीच्या आधी घासली गेली, हे मोजायला कोणी गेलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसली. पोपडे सगळ्यात जास्त कुठे धरले होते? सिमेंटच्या पट्ट्याच्या बरोबर वर, तीन-साडेतीन फुटांवर. ओल थांबवायला केलेल्या सिमेंटने ती थांबवली नव्हती, वर ढकलली होती. पाणी मातीतून चढत राहिलं, सिमेंटमधून बाहेर पडता येईना, म्हणून पट्टा संपला तिथे निघालं आणि जाताना क्षार रंगाखाली सोडून गेलं. ते क्षार फुलले की रंग उचलला जातो. त्यावर पाणी अडवणारा प्रायमर मारला तर ओल आणखी फूटभर वर जाईल एवढंच. चेक्कोनींच्या लाखेचीच ही गोष्ट, फक्त इथे ती आमच्या माजघरात.

मी काकांना हे सांगितलं. ते पट्टी थांबवून म्हणाले, "ताई, मला माहितीय. पण चुन्याचा हात मारतो म्हटलं तर काम कोण देतं? आणि लग्न रविवारी आहे."

शेवटी तडजोड झाली. समोरच्या तीन भिंतींना प्रायमर, पुट्टी, सगळं. माजघराची ओलीची भिंत नुसती झाडून घेतली आणि तिला विरवलेल्या चुन्याचे दोन पातळ हात दिले, नीळ आत्याने स्वतः कालवली. दाराच्या मागे वीतभर चौकोन मात्र न खरवडता ठेवलाय, खाली पेन्सिलीने तारीख घातली आहे. उचललेले पोपडे मी आगपेटीत घालून पुण्याला आणले. त्यांचे छेद घ्यायचे आहेत, रेझिन मागवलंय.